वीस सेकंदांची तालीम

१२ फेब्रुवारी २००३ रोजी ऑस्ट्रेलियन नौदलाची ‘डेशेनो’ ही पाणबुडी देशाच्या पश्चिम किनाऱ्याजवळ खोल पाण्यात होती. तिला जितक्या खोलीची परवानगी होती, जवळजवळ तितकी ती उतरली होती. अशा वेळी समुद्राचे पाणी आत खेळवणारा एक लवचीक होज फुटला आणि मोटररूमच्या खालच्या भागात पाणी घुसले. खलाशांनी पाण्याची वाट बंद केली, पाणबुडी वर आली, सगळे वाचले. पुढे हिशेब मांडला तेव्हा अंदाज असा निघाला, की आणखी वीस सेकंद पाणी आत येत राहिले असते तर त्या वजनाने पाणबुडी पुन्हा वर आली नसती. त्या वर्गातल्या सर्व पाणबुड्यांची अनुज्ञेय खोली त्यानंतर कायमची कमी करण्यात आली.

वीस सेकंदांत आपण पायांत चपला सरकवतो, दार ओढून घेतो, फार तर कुलूप लावतो. तेवढ्या वेळात अंधाऱ्या, धुकटलेल्या, कानठळ्या बसवणाऱ्या जागेत नेमका व्हॉल्व्ह ओळखून तो बंद करायचा, ही गोष्ट त्या क्षणी सुचत नाही. ती आधीच हातात मुरलेली असावी लागते. ती कशी मुरवली जाते, त्यामागे कोणत्या दुर्घटना उभ्या आहेत, भारतात याची व्यवस्था काय आहे आणि कुठे अधिक लक्ष द्यायला हवे, याचा हा आढावा.

पाण्याविरुद्धच्या या तयारीला चार मापे लावावी लागतात : सेकंद, मिनिटे, तास आणि वर्षे. पाणबुडी बुडाल्याची बातमी येते तेव्हा आपले सगळे लक्ष तासांवर असते. आत प्राणवायू किती उरला, बचाव नौका कधी पोहोचेल, याकडे जग डोळे लावून बसते. पण इतिहास नीट पाहिला तर माणसे वाचतात ती बहुतेक वेळा सेकंदांत, नाहीतर वर्षांत. म्हणजे पाणी दिसताच केलेल्या पहिल्या हालचालीने, किंवा पाणी यायच्या कितीतरी आधी गोदीत झालेल्या कामाने.

पाण्याचा हिशेब

आधी शत्रू ओळखून घेऊ. समुद्रात दर दहा मीटरला साधारण एक वातावरण एवढा दाब वाढतो. १०० मीटर खोलीवर पाणबुडीच्या कवचाला भोक पडले, तर आत येणाऱ्या धारेचा वेग ताशी सुमारे १६० किलोमीटर असतो; ३०० मीटरवर तो २७५च्या घरात जातो. पाच सेंटिमीटर व्यासाचे, मोठ्या लिंबाएवढे भोक धरले, तर १०० मीटरवर मिनिटाला तीन टनांहून अधिक पाणी आत येईल. उन्हाळ्यात आपल्या गावांत येणारा दहा हजार लिटरचा टँकर या भोकाखाली सव्वातीन मिनिटांत भरेल. ३०० मीटरवर दोन मिनिटेही लागणार नाहीत.

एवढ्या मोठ्या पाणबुडीला दहा टनांनी काय होते, असे वाटू शकेल. पण पाण्याखाली पाणबुडी तरंगत नसते आणि बुडतही नसते. तिचे वजन आणि तिने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन जवळजवळ बरोबर राखलेले असते, तराजूचे दोन्ही पल्ले समतोल असावेत तसे. त्या तराजूत काही टन पडले की ती खाली जाऊ लागते. खाली गेल्यावर दाब वाढतो, दाब वाढला की धार वाढते, आणि धार वाढली की ती आणखी जड होते. हे चक्र तोडायचे तीनच मार्ग आहेत : पाण्याची वाट बंद करणे, वेग वाढवून आडव्या पंखांच्या जोरावर नाक वर उचलणे, आणि दाबलेली हवा सोडून बॅलास्ट टाक्यांतले पाणी बाहेर ढकलणे. माझगाव गोदीत बांधलेल्या कलवरी वर्गाच्या पाणबुडीचे वजन पृष्ठभागावर साधारण १,६०० टन आणि पाण्याखाली साधारण १,७७५ टन असते. या दोन आकड्यांतला फरक म्हणजे तिच्या टाक्यांची सगळी पुंजी. त्यातही खोल पाण्यात हवा फारशी फुगत नाही. ३०० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या तीसपट असल्याने दाबलेल्या हवेची तीच बाटली तिथे फारच थोडे पाणी ढकलू शकते. म्हणजे जिथे मदतीची गरज सर्वांत जास्त, तिथेच ती सर्वांत तोकडी पडते.

पाण्याचा दुसरा घाव विजेवर बसतो. ५ ऑक्टोबर २००४ रोजी कॅनडाची ‘शिकूटिमी’ पृष्ठभागावरूनच खवळलेल्या समुद्रात चालली होती. मनोऱ्याची वरची आणि खालची अशी दोन्ही झाकणे उघडी असताना लाट आत आली, विजेच्या केबलींपर्यंत पाणी पोहोचले आणि आग भडकली. त्यात एका अधिकाऱ्याचा जीव गेला. खारे पाणी शिसे-आम्लाच्या बॅटऱ्यांपर्यंत पोहोचले तर क्लोरिन वायू तयार होतो, आणि बंद डब्यात त्यापासून पळायला जागा नसते. म्हणून पाण्याचे प्रशिक्षण आगीच्या आणि धुराच्या प्रशिक्षणापासून वेगळे काढता येत नाही.

सेकंद : आवाज, हात आणि दार

पाणी पाहिल्यावर माणसाला पहिली ऊर्मी होते ती धावून जाऊन भोकावर हात ठेवण्याची. प्रशिक्षणात सर्वांत आधी ही ऊर्मी मोडून काढतात. पाणी ज्याने पाहिले त्याने आधी ओरडायचे : पाणी येत आहे, आणि ते कुठे येत आहे. ओरडणारा कालच रुजू झालेला खलाशी असो की अधिकारी, नियंत्रण कक्षाने त्याच्या शब्दावर ताबडतोब हालचाल करायची असते. वेग वाढवायचा, नाक वर करायचे, गरज दिसली तर टाक्या फुंकायच्या. गळती किरकोळ निघाली तरी ओरडणाऱ्याला बोल लावायचा नाही. लष्करी शिस्तीत, जिथे वरिष्ठांच्या हुकमाशिवाय पान हलत नाही, तिथे सर्वांत कनिष्ठाला सगळी पाणबुडी वर खेचण्याचा अधिकार देणे ही मोठी गोष्ट आहे. मला स्वतःला या सगळ्या विद्येतला हा सर्वांत सुंदर नियम वाटतो.

दुसरे काम हाताचे. समुद्राचे पाणी आत आणणाऱ्या नळांवर कवचाजवळच व्हॉल्व्ह असतात, आणि अनेक पाणबुड्यांत ते दुरून एका खटक्याने बंद करता येतात. पण कोणता नळ फुटला आहे हे कळले तरच योग्य व्हॉल्व्ह बंद होणार. चुकीचा बंद केला, तर ज्या यंत्राच्या जोरावर वर यायचे तेच यंत्र थंडावायचे. म्हणून पाणबुडीवर नव्याने आलेल्या माणसाला प्रत्येक नळ बोटाने माग काढत शिकावा लागतो : कुठून निघतो, कोणत्या आडभिंतीतून पार होतो, कुठे अडवता येतो. अनेक नौदलांत त्याचे चित्र आठवणीतून काढून दाखवावे लागते, डोळ्यांवर पट्टी बांधून व्हॉल्व्ह शोधावे लागतात. पाणबुडीवाल्यांच्या छातीवरचे डॉल्फिनचे चिन्ह या परीक्षांनंतर मिळते. स्वयंपाक्यालाही त्यातून सूट नसते, कारण पाणी त्याच्या भटारखान्यातही येऊ शकते.

तिसरे काम दाराचे, आणि ते सर्वांत कठीण. २३ मे १९३९ रोजी अमेरिकेची ‘स्क्वालस’ न्यू हॅम्पशरच्या किनाऱ्याजवळ बुडी मारत होती. सगळी छिद्रे बंद असल्याचे सांगणारे दिवे फलकावर हिरवे लागले होते. तरीही इंजिनांना हवा पुरवणारा मोठा व्हॉल्व्ह उघडा राहिला होता आणि मागच्या कप्प्यांत पाणी धो-धो शिरले. नियंत्रण कक्षामागच्या आडभिंतीतले दार लॉइड मानेस नावाच्या इलेक्ट्रिशियनच्या हाती होते. मागून धडपडत येणाऱ्यांसाठी त्याने ते जमेल तेवढे उघडे धरले आणि मग बंद केले. पलीकडे २६ जण मरण पावले. अलीकडे ३३ जण जगले.

हे दार बंद करण्याचे प्रशिक्षण कसे देणार? पुस्तकात एक ओळ असते : कप्पा वेगळा करा. पण त्या ओळीत मित्राचा चेहरा असतो. सरावात म्हणूनच दार बंद करण्याचा निर्णय ज्याच्या हाती पडेल त्याच्याकडून तो पुन्हापुन्हा करवून घेतात. आपण कुणाला मागे टाकतो आहोत, ही जाणीव त्यामुळे नाहीशी होत नाही आणि होऊही नये. सरावातून एवढेच साधते, की ती जाणीव हाताला थांबवत नाही. शिवाय प्रत्येकाला आधीच माहीत असते, की उद्या आपण दाराच्या दुसऱ्या बाजूला असू शकतो आणि तरीही दार बंद झालेच पाहिजे. ही एकमेकांना दिलेली संमती आहे. खलाशी एकत्र राहतात, एकत्र जेवतात, वर्षानुवर्षे एकत्र सराव करतात, तेव्हा ती न बोलता तयार होते.

स्क्वालसनंतर अवघ्या नऊ दिवसांनी, १ जून १९३९ रोजी, ब्रिटनची ‘थेटिस’ लिव्हरपूलच्या उपसागरात पहिल्या चाचणी बुडीला निघाली. पाचव्या टॉर्पेडो नळीचे आतले दार उघडताच समुद्र आत घुसला, कारण तिचे बाहेरचे झाकण उघडेच होते. नळीत पाणी आहे का हे पाहण्यासाठी एक छोटी तोटी असते. ती उघडून पाहिली होती, पण रंगकामात तिचे भोक बुजले होते. तोटीतून थेंब आला नाही, म्हणून नळी कोरडी समजली गेली. बाहेरच्या झाकणांची स्थिती दाखवणाऱ्या तबकड्यांची मांडणीही गोंधळात टाकणारी होती. आत १०३ माणसे होती, त्यांतली कितीतरी गोदीतले कामगार. ९९ मेली, चौघे बाहेर पडले. पुढे ब्रिटिश पाणबुड्यांच्या टॉर्पेडो नळ्यांवर एक खिट्टी बसवण्यात आली. तिच्यामुळे दार आधी केवळ फटीएवढे उघडते. पाणी असेल तर ते तिथेच दिसते आणि दार परत लावता येते. आजही त्या खिट्टीला थेटिसचेच नाव आहे.

या दोन्ही दुर्घटनांत यंत्राने सुरक्षित असल्याचे सांगितले होते. तेव्हापासून पाणबुडीवाल्याला एक वेगळी सवय लावतात : हिरवा दिवा दिसला तरी आणखी एका मार्गाने खात्री करून घे. आत दाबलेली हवा सोडून हवेचा दाब टिकतो का ते पाहायचे, दुसऱ्या माणसाने स्वतःच्या डोळ्यांनी झडप तपासायची, आणि मगच बुडी.

मिनिटे : ओल्या खोलीतले शिक्षण

वाट बंद करता आली नाही तर मिनिटांची लढाई सुरू होते. तिच्या शिक्षणासाठी नौदलांनी एक खास वास्तू घडवली आहे : पाण्याने भरणारी पोलादी खोली. आत खऱ्या पाणबुडीसारखे नळ, पंप, पायऱ्या आणि अरुंद कोपरे. नळांना मुद्दाम पाडलेली भोके आणि तडे. बाहेर काचेमागे प्रशिक्षक उभा असतो. तो एकेक गळती सुरू करतो, दिवे घालवतो, पाणी छातीपर्यंत चढू देतो. अमेरिकेत कनेक्टिकटमधल्या ग्रॉटन येथील पाणबुडी विद्यालयात अशी खोली आहे, आणि इतर नौदलांनीही आपापल्या परीने तशा उभारल्या आहेत.

हत्यारे जुनी आणि साधी असतात. मऊ लाकडाची निमुळती बुचे, पाचरी, हातोडा, रबराच्या पट्ट्या, नळाभोवती आवळायचे पट्टे, आडभिंतीला टेकू द्यायचे वासे, उचलून नेता येणारे पंप. बूच मऊ लाकडाचेच का? ते भिजले की फुगते आणि वेड्यावाकड्या भोकातही घट्ट बसते. शतकांपूर्वी लाकडी गलबतांवरचे सुतार हेच करत, आणि अणुपाणबुडीवरही लाकडाची बुचे आजही लागतात.

पण ओल्या खोलीत खरे शिकायचे असते ते वेगळेच. पहिल्या फेरीत सगळे एकाच गळतीवर तुटून पडतात, दुसरी वाढत राहते. दोघे एकदम बोलतात, फोनवरच्याला काहीच ऐकू जात नाही. बूच मारणारा धारेच्या समोर उभा राहतो आणि कोलमडतो. सामान आणायला गेलेला चुकीच्या मापाचा पट्टा घेऊन येतो. तिसऱ्या-चौथ्या फेरीला चित्र बदलते. एक जण धारेच्या बाजूने जातो, एक जण सामान हातात देतो, एक जण फक्त निरोप सांगतो आणि ऐकलेला निरोप जसाच्या तसा उलट म्हणून दाखवतो. मोठी गळती आधी, लहान नंतर. जी थांबत नाही ती निदान कमी करायची, म्हणजे पंपाला पाणी उपसायला उसंत मिळते. गळती पूर्ण बंद करण्याच्या हट्टात वेळ घालवू नये, ती पंपाच्या आवाक्यात आणावी, हा धडा कोरड्या वर्गात सांगून पटत नाही. थंडगार पाण्यात दात वाजत असताना तो पटतो.

भारतीय नौदलात नुकसान-नियंत्रणाच्या या शिक्षणाचे एक मोठे केंद्र आपल्या सह्याद्रीत आहे. लोणावळ्याजवळचे आयएनएस शिवाजी १९४५पासून नौदलाच्या अभियंत्यांना घडवते, आणि तिथल्याच विद्यालयात आग, पूर आणि किरणोत्सारापासून जहाज वाचवण्याचे शिक्षण मिळते. समुद्रापासून दूर, डोंगरावर, पाणी चढणाऱ्या आणि झोके खाणाऱ्या पोलादी खोलीत तरुण खलाशी बुचे मारायला शिकतात. असे डोलणारे सिम्युलेटर बांधण्यात गोवा शिपयार्डने नाव मिळवले आहे. पाणबुडीचे खास शिक्षण मात्र विशाखापट्टणमच्या आयएनएस सातवाहनवर होते.

या शिक्षणाचा उपयोग काय होतो, हे अमेरिकेच्या ‘डॉल्फिन’ या संशोधन पाणबुडीने २००२च्या मे महिन्यात दाखवले. सॅन डिएगोजवळ रात्री ती पृष्ठभागावर बॅटऱ्या भरत असताना टॉर्पेडो नळीच्या ढालीचे गॅस्केट निकामी झाले. सत्तर टनांहून अधिक पाणी आत आले आणि आगीही लागल्या. जॉन वाइज हा खलाशी पाण्याने भरलेल्या पंपघरात उतरला आणि कितीतरी वेळ गार पाण्यात राहून त्याने व्हॉल्व्ह फिरवले, त्यामुळे पंप पाणी बाहेर टाकू लागले. पाणबुडीवरचे ४३ जण सुखरूप बाहेर पडले आणि पाणबुडीही तरली. अंधारात, पाण्याखाली त्याच्या हातांना व्हॉल्व्ह सापडले, कारण ती जागा त्याला पाठ होती.

तास : ज्यांच्याकडे सगळे जग पाहते

पाणबुडी तळाला बसली की उरतात दोन वाटा : स्वतः बाहेर पडणे, किंवा कुणी येईपर्यंत तग धरणे. स्क्वालसचे ३३ जण दुसऱ्या वाटेने आले. सुमारे ७३ मीटर खोलीवर घंटेच्या आकाराची बचाव कुपी सोडून चार फेऱ्यांत त्यांना वर काढले, आणि ती कल्पना ज्यांनी वर्षानुवर्षे लावून धरली ते चार्ल्स मॉम्सेन स्वतः तिथे हजर होते. थेटिसचे शेपूट पाण्याबाहेर दिसत होते, तरी आतली माणसे कार्बन डायऑक्साइडने गेली. जानेवारी १९५०मध्ये ब्रिटनची ‘ट्रुक्युलंट’ टेम्सच्या मुखाशी एका तेलवाहू जहाजावर आदळून बुडाली. तिच्यातले बरेच जण बाहेर पडले होते, पण काळोखात, गोठवणाऱ्या पाण्यात, ओहोटीने ओढले गेले, ६४ मेले. त्यानंतर बाहेर पडणाऱ्यांसाठी ऊब राखणारे पोशाख आले. १२ ऑगस्ट २००० रोजी रशियाची ‘कुर्स्क’ १०८ मीटर पाण्यात बुडाली. २३ जण शेवटच्या कप्प्यात जमले होते. नॉर्वेच्या गोताखोरांनी नऊ दिवसांनी झाकण उघडले तेव्हा आत पाणी होते. ११८ जणांपैकी कुणीही वाचले नाही.

बाहेर पडण्याच्या प्रशिक्षणाबद्दल नौदलांमध्ये खरा मतभेद आहे. खोलीवर श्वास घेतलेली हवा वर येताना फुगते. २० मीटरवरून पृष्ठभागापर्यंत ती तिप्पट होते. वर येताना श्वास सोडत राहिले नाही तर फुप्फुस फाटते. हे भय घालवण्यासाठी इंग्लंडमधल्या गोस्पोर्टला १९५०च्या दशकात ३० मीटर खोल पाण्याचा मनोरा बांधला आणि हजारो जणांनी त्यातून वर येण्याचा सराव केला. पण सरावातच माणसे जखमी होण्याचा धोका आणि खऱ्या प्रसंगाची दुर्मीळता यांचा हिशेब मांडून ब्रिटनने तो दाबाखालचा सराव थांबवला, आणि पुढे तो मनोराच बंद केला. भारताने कलवरी वर्गासाठी विशाखापट्टणमला ‘विनेत्र’ हे नवे केंद्र उभारले. एल अँड टीने बांधलेल्या या केंद्रात पाच मीटर उंच मनोरा आणि त्याला जोडलेला पाण्याचा हौद आहे. डिसेंबर २०२४मध्ये व्हाइस ॲडमिरल राजेश पेंढारकर यांच्या हस्ते ते सुरू झाले. पाच मीटर म्हणजे तीस नव्हेत, पण पोशाख चढवणे, मनोऱ्यात पाणी भरू देणे, झाकण उघडेपर्यंत शांत राहणे, हे सगळे तिथे शिकता येते. मला ही मधली वाट योग्य वाटते. घाबरणे हा इथला सर्वांत मोठा मारेकरी आहे, आणि घाबरणे पाच मीटरवरही शमवता येते.

बचावाच्या बाबतीत भारताने गेल्या दशकात मोठी मजल मारली आहे. डिसेंबर २०१८मध्ये मुंबईत खोल पाण्यातले पहिले बचाव वाहन दाखल झाले. ते ६५० मीटरपर्यंत जाऊ शकते आणि एका खेपेला १४ जणांना आणू शकते. दुसरे विशाखापट्टणमला आहे. जुलै २०२५मध्ये हिंदुस्थान शिपयार्डने बांधलेली आयएनएस निस्तार ही बचाव नौका सेवेत आली. मुंबईसमोरचा समुद्रतळ उथळ आहे. शेकडो किलोमीटरपर्यंत खंडमंच पसरला आहे, तिथे ही साधने खरोखर प्राण वाचवतील. विशाखापट्टणमसमोर मात्र तळ लवकर खोल जातो. एप्रिल २०२१मध्ये इंडोनेशियाची ‘नांगाला’ ५३ जणांसह बालीच्या उत्तरेला बुडाली तेव्हा भारताने आपले बचाव वाहन तिकडे रवाना केले. पण ती ८०० मीटरहून खोल, तुकडे होऊन सापडली. तेवढ्या खोलीवर वाचवायला कुणी उरलेलेच नसते. तास मोजण्याचा अर्थ फक्त उथळ पाण्यात आहे. खोल पाण्यात सेकंद गेले की सगळेच गेले.

वर्षे : गोदीतली भिंत

१० एप्रिल १९६३ रोजी अमेरिकेची अणुपाणबुडी ‘थ्रेशर’ केप कॉडच्या पूर्वेला खोल बुडीच्या चाचणीत हरवली. १२९ जण गेले. चौकशीचा निष्कर्ष असा, की बहुधा इंजिनघरातल्या खाऱ्या पाण्याच्या नळाचा जोड निखळला. हे जोड चांदीच्या डाखाने जोडलेले होते. आधीच्या दुरुस्तीत १४५ जोड ध्वनिलहरींनी तपासले होते आणि त्यांतले सुमारे १४ टक्के निकृष्ट ठरले होते. बाकीचे जोड तसेच राहिले. पाण्याच्या फवाऱ्याने वीज गेली असावी, अणुभट्टी बंद पडली. मग टाक्या फुंकायचा प्रयत्न झाला, पण दाबलेली हवा फैलावताना इतकी थंड होते की तिच्यातल्या दमटपणाचा बर्फ होऊन गाळण्या तुंबल्या असाव्यात. तिच्या भगिनी पाणबुडीवर गोदीत तसाच प्रयोग केला तेव्हा गाळण्या खरोखर गोठल्या.

प्रशिक्षणाच्या दृष्टीने यातला एक धडा फार कडू आहे. अणुभट्टी बंद पडल्यावर काय करायचे याचा ठरलेला क्रम होता, आणि त्या क्रमात वाफ रोखून धरायची होती. माणसांनी शिकवल्याप्रमाणे केले असेल तर त्यांनी स्वतःच उरलेला जोर बंद केला. चुकीचा क्रम कितीही चांगला पाठ झाला तरी तो चुकीचाच राहतो. नंतर तो बदलला, भट्टी लवकर परत सुरू करण्याची पद्धत तयार झाली.

त्याच वर्षी अमेरिकेने ‘सबसेफ’ नावाची व्यवस्था उभी केली. कवच, खाऱ्या पाण्याचे नळ आणि वर येण्याची साधने यांतला प्रत्येक जोड कुणी केला, कुणी तपासला, कोणत्या धातूचा आहे, याची कागदोपत्री साक्ष मिळाल्याशिवाय पाणबुडीला खोल जायची परवानगी नाही. १९१५ ते १९६३ या काळात अमेरिकेने युद्धाबाहेरच्या कारणांनी १६ पाणबुड्या गमावल्या होत्या. त्यानंतर गेली ती एकच, १९६८ सालची ‘स्कॉर्पियन’, आणि तिला या व्यवस्थेचे प्रमाणपत्र मिळालेले नव्हते. प्रमाणित पाणबुडी आजवर एकही हरवलेली नाही. लाकडी बुचे आणि बचाव कुप्या यांच्या जोडीला हा कागद ठेवून पाहा. सर्वांत जास्त जीव बहुधा त्यानेच वाचवले आहेत.

पाणी बंदरातही येते. मे १९६९मध्ये अमेरिकेची बांधकामाधीन ‘गिटारो’ मेअर आयलंडच्या गोदीत धक्क्याला बुडाली. पुढे आणि मागे दोन वेगळ्या तुकड्या टाक्यांत पाणी भरत होत्या, एकीला दुसरीचा पत्ता नव्हता. पाणी आत येऊ लागले तेव्हा दारे लावता येईनात, कारण त्यांतून केबली आणि होज टाकलेले होते. जुलै १९७१मध्ये ब्रिटनची ‘आर्टेमिस’ गोस्पोर्टला धक्क्याशी बांधलेली असतानाच बुडाली. तिघे आत अडकले आणि सुदैवाने वाचले. बंदरात खलाशी कमी असतात, बाहेरचे कामगार जास्त, आणि सगळ्यांना वाटते की इथे काय होणार.

मुंबईला हे वेगळे सांगायला नको. १४ ऑगस्ट २०१३च्या रात्री नौदल गोदीत ‘सिंधुरक्षक’ स्फोटांनंतर धक्क्यालाच बुडाली आणि १८ जण गेले. पुढच्या फेब्रुवारीत मुंबईजवळ समुद्रात ‘सिंधुरत्न’मध्ये आग लागून दोन तरुण अधिकारी गेले, आणि तत्कालीन नौदलप्रमुख ॲडमिरल डी. के. जोशी यांनी नैतिक जबाबदारी स्वीकारून त्याच दिवशी राजीनामा दिला. या घटना स्फोटाच्या आणि आगीच्या, पुराच्या नव्हेत. पण बंद डब्यातल्या संकटाचे मूळ एकच असते, आणि दाराबद्दलचे, आवाजाबद्दलचे, व्हॉल्व्हबद्दलचे शिक्षणही एकच.

काय करायला हवे

ओल्या खोलीला एक मर्यादा आहे, ती मान्य केली पाहिजे. ३०० मीटर खोलीचा दाब प्रशिक्षणात कुणालाही देता येत नाही. दिला तर जिवावर बेतू शकते. त्या धारेचा गडगडाट, तिने उठणारे धुके, पाणबुडी खाली जाते आहे हे पायांना जाणवणे, यांतले थोडेच खोटे उभे करता येते. आभासी वास्तवाची नवी साधने नळांचा नकाशा शिकवायला उपयोगी आहेत, पण थंड पाण्याची जागा ती घेऊ शकत नाहीत. म्हणून समुद्रातल्या सरावाला पर्याय नाही. मोठ्या दुरुस्तीनंतर पाणबुडी पायरीपायरीने खोल नेतात, प्रत्येक पायरीवर थांबून सगळ्या कप्प्यांतून गळतीचा अहवाल घेतात. तीच खरी शाळा.

दुसरी गोष्ट अधिक जवळची. कलवरी, खांदेरी, करंज, वेला, वागीर आणि वाघशीर या सहाही पाणबुड्या २०१७ ते २०२५ या काळात माझगाव गोदीतून नौदलात दाखल झाल्या. त्यांचे जोड मुंबईच्या कारागिरांनी घातले आहेत. पाणबुडीवाल्यांइतकेच या वेल्डरना, फिटरना, रंगाऱ्यांना थेटिस आणि थ्रेशर माहीत असायला हव्यात. थेटिसची तोटी रंगाने बुजली होती. ज्याने तो रंग दिला त्याला ती तोटी कशासाठी आहे हे कुणी सांगितले होते का? अमेरिकेत सबसेफच्या शिक्षणात थ्रेशरची कथा आजही सांगतात. आपल्याकडे चौकशीचे अहवाल बहुधा बंद राहतात. लष्करी गुपिते बंद राहोत, पण कोणती झडप का उघडी राहिली, कोणती नोंद का चुकली, हे धडे गोदीतल्या शेवटच्या हातापर्यंत पोहोचले पाहिजेत. बंदरातल्या पुराचा सराव खलाशी आणि कामगार यांनी एकत्र केला पाहिजे, दारांतल्या केबली कशा पटकन तोडता येतील याच्यासकट.

विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर ‘कुरसुरा’ ही जुनी पाणबुडी उभी आहे. १९६९ ते २००१ तिने नौदलाची सेवा केली आणि २००२पासून ती लोकांसाठी खुली आहे. आत एका कप्प्यातून दुसऱ्यात जाताना वाकून, पाय उचलून एका गोल दारातून जावे लागते. तिथे भेट देणारे सहसा टॉर्पेडो पाहायला घाई करतात. तिकडे गेलात तर त्या गोल दाराशी क्षणभर थांबा आणि त्याच्या कडेचे पोलाद हाताने चाचपून पाहा. एकतीस वर्षे रोज कुणीतरी ते लावायला शिकत होते, आणि ते न लावावे लागो अशी मनोमन प्रार्थनाही करत होते.